अण्णांचं गेट

मागच्या महिन्यात चुलत बहिणीचा साखरपुडा होता, नाशिकला गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. जेवण बुफे, म्हणजे एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात मठ्ठ्याचा ग्लास आणि पर्स कुठे ठेवायची हा प्रश्न, त्यात डीजेवाल्याने आवाज असा लावलेला की समोरच्याचे नुसते ओठ दिसतात. अशात आत्याचे मिस्टर, ज्यांना आम्ही सगळी पोरं अण्णाच म्हणतो, जिलबी घेऊन जवळ आले आणि कानाशी ओरडले, "काय करतेस गं सध्या तू? घरूनच काम ना?" मी पण ओरडूनच सांगितलं, "हो अण्णा, गेट डिझाईन करते!" त्याच्या पुढेमागे मी बरंच बोलले होते, क्वांटम, कॉम्प्युटर, सिलिकॉन वगैरे, पण ते सगळं डीजेने खाल्लं असावं, कारण अण्णांचा चेहरा एकदम खुलला. "अगं मग आधी नाही का सांगायचं! आपल्या पाथर्डी फाट्याच्या बंगल्याचं गेट करायचंय की. स्लायडिंग. तो फॅब्रिकेटर दोन महिने नुसता फिरवतोय मला."

मी हसले. हसले आणि गप्प बसले, तिथेच घोळ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. रिकाम्या फाटकाचा, दोन खांब, मध्ये ताणलेला टेप आणि टेपवर अण्णांचा अंगठा. खाली मेसेज, "14 फूट बाय 5. रोडच्या बाजूला उतार आहे. आमची घाई नाही."

त्या "घाई नाही" ने मला दिवसभर सोडलं नाही. एक ओळ लिहून विषय संपवता आला असता, की अण्णा, ते गेट वेगळं, कॉम्प्युटरच्या आतलं, माहितीवर एक छोटीशी क्रिया करणारं. लिहिली पण, दोनदा, आणि दोनदा खोडली. समजावून सांगावं तर ते शहाणपणा मिरवल्यासारखं वाटतं, नाही सांगावं तर फसवणूक. आणि खरं सांगू का, मला थोडा हेवा पण वाटला त्या फॅब्रिकेटरचा. मी गेली आठ वर्षं लोकांना सांगतेय की मी गेट करते, आणि माझं एकही गेट मी कधी हातात धरलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

तसं पहिलं गेट मात्र हातात धरलं होतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, लॅबमध्ये, 7400 नावाची आयसी, म्हणजे चिप. झुरळासारखी काळी, 14 पाय, आत 4 नँड गेट. 14 नंबरच्या पायाला 5 व्होल्ट, 7 नंबरला ग्राउंड, आणि मी पहिल्याच दिवशी ते उलटं जोडलं. आयसी जळाल्याचा वास ज्याने घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको, बोटाला चटका बसला तो वेगळाच. मग मेन रोडजवळच्या एका बोळातल्या दुकानातून नवी आणली, आणि त्या नव्या आयसीवर एलईडी लागला. नँडमध्ये आत जाणाऱ्या दोन्ही वायरना 5 व्होल्ट असतील तरच विझतो, बाकी तिन्ही वेळा पेटलेला. आमचे सर म्हणायचे की या एकाच जातीच्या गेटमधून अख्खा कॉम्प्युटर उभा राहतो, आणि आम्ही मागच्या बेंचवर हसायचो. दोन आकडे मिळवणाऱ्या हाफ अ‍ॅडरलाच 5 नँड लागतात, एका आयसीत 4 असतात, म्हणजे एका गेटसाठी दुसरी अख्खी आयसी खोचायची, यात काय अख्खा कॉम्प्युटर होणार! पण ते गेट दिसायचं. हाताला लागायचं. खिशात टाकून घरी नेलं तर आई विचारायची, हे काय आणलंस?

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली नव्हती, ती फार पुढे खटकली. नँडमध्ये दोन गोष्टी आत जातात आणि एकच बाहेर येते. एलईडी पेटलेला दिसला तर आत नक्की काय होतं ते सांगता येत नाही, तीन शक्यता. राहिलेली माहिती गेटने गिळली. लँडॉअर नावाच्या माणसाने 1961 मध्ये दाखवलं की अशी माहिती पुसली की त्याची किंमत थोड्या उष्णतेत मोजावीच लागते, कितीही चांगलं यंत्र बनवा. क्वांटमच्या गेटला हे गिळणं परवडतच नाही. जेवढे आत तेवढेच बाहेर, आणि केलेलं सगळं उलट पावली परत नेता आलं पाहिजे. कुठे एक कण जरी सांडला, म्हणजे आजूबाजूच्या जगाला आत काय चाललंय याचा नुसता सुगावा जरी लागला, की खेळ बिघडला.

आता माझं गेट. पेपरात क्वांटम कॉम्प्युटर म्हणून सोनेरी झुंबराचा फोटो येतो ना, तो खरं तर फ्रीज असतो, कॉम्प्युटर त्याच्या तळाशी नखाएवढ्या चिपवर. आमची चिप सिलिकॉनची. तिच्यावर धातूच्या इतक्या बारीक पट्ट्या की केसाच्या जाडीत शेकड्याने मावतील, आणि त्या पट्ट्यांवरच्या व्होल्टेजने खाली सिलिकॉनमध्ये खड्डे पडतात. खरे खड्डे नाही, विजेचे. एका खड्ड्यात एकच इलेक्ट्रॉन अडकवून ठेवायचा. त्याचा स्पिन, म्हणजे त्याच्या अंगचा इवलासा चुंबक वर की खाली, तो आपला क्यूबिट, क्वांटम कॉम्प्युटरचं माहितीचं एकक. शेजारी दुसरा खड्डा, दुसरा इलेक्ट्रॉन, आणि मध्ये बांध. गंमत म्हणजे त्या पट्ट्यांनाही धंद्यात गेटच म्हणतात. म्हणजे गेटवर व्होल्टेज देऊन गेट करायचं. त्यामुळे अण्णांचा गोंधळ झाला यात अण्णांची काय चूक, नावं ठेवणाऱ्यांनीच घोळ घालून ठेवलाय.

पण जे गेट मी डिझाईन करते ती वस्तू नाहीच. ते एक कृत्य आहे. मधल्या बांधावरची पट्टी थोडी ढिली करायची, बांध खाली बसतो, दोन्ही इलेक्ट्रॉन एकमेकांच्या अंगणात डोकावतात, आणि तेवढ्यात त्यांचे स्पिन अदलाबदल करायला लागतात. मग बांध परत वर. झालं गेट. 1998 मध्ये लॉस आणि डिव्हिन्सेंझो या दोघा भौतिकशास्त्रज्ञांनी हे कागदावर मांडलं, त्याच वर्षी तिकडे ब्रूस केन यांनी सिलिकॉनमध्ये फॉस्फरसचे अणू पेरून जवळपास याच वाटेने जायची कल्पना मांडली. मी तेव्हा पहिलीत होते, पाटीवर ग गणपतीचा काढत होते.

हे सगळं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला समीकरण कळायच्या आधी निफाडची रात्र आठवली.

मामाचं शेत निफाडच्या पुढे. सातवी-आठवीत असेन, नाताळच्या सुट्टीत गेलो होतो. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची, त्यामुळे मामा जेवून, मफलर गुंडाळून, फावडं आणि बॅटरी घेऊन कांद्याला पाणी द्यायला निघायचा. दारं धरायला. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना सांगायला नको, पण शहरातल्यांसाठी सांगते, पाट भरून वाहत असतो, बाजूला ओळीने वाफे, आणि ज्या वाफ्याला पाणी द्यायचं त्याच्या तोंडाची माती फावड्याने ओढायची, ते दार. वाफा भरला की तीच माती परत लोटून दार बंद आणि पुढचं मोडायचं. मी हट्ट करून गेले. निफाडची थंडी म्हणजे काय ते विचारू नका, लांब कुणाच्या तरी द्राक्षबागेत शेकोट्या पेटवलेल्या, मणी तडकू नयेत म्हणून, धूर जमिनीलगत पसरलेला, उसाच्या बाजूने काही खसखसलं की मामा बॅटरी मारायचा आणि "काही नाही, काही नाही" म्हणायचा, ते मला सांगत होता का स्वतःला, माहीत नाही. पाय चिखलात. विहिरीचं पाणी मात्र कोमट, त्यामुळे पाटात उभं राहिलं की बरं वाटायचं आणि बाहेर आलं की बोटं जायची.

एका वाफ्यावर त्याने मला उभं केलं. म्हणाला, "भरला की बंद कर." मी वाफा काठोकाठ भरेपर्यंत वाट पाहिली, मग माती लोटली, आणि पाणी पलीकडच्या बांधावरून सांडलं, रोपं आडवी. मामा ओरडला नाही. "पोरी, भरल्यावर बंद करशील तर उशीर झाला. तीन हिस्से भिजला की माती टाकायची. उरलेलं पाणी चाललेलंच असतं." मग अंधारात त्याने मला ऐकायला लावलं. वाफ्यात शिरणाऱ्या पाण्याचा आवाज आधी खळखळ येतो, मग जाड होतो, आणि एका ठिकाणी तो नुसता ओला होतो. याहून बरा शब्द मला आजही सापडलेला नाही. तिथे माती टाकायची.

माझं आजचं सगळं काम त्या "तीन हिस्से" चं आहे. बांध किती खाली न्यायचा, किती वेळ, आणि बंद करायला कधी सुरुवात करायची. व्होल्टेज काही बटण दाबल्यासारखं शून्य होत नाही, खोलीतल्या यंत्रापासून फ्रीजच्या तळापर्यंत वायर उतरते, वाटेत पल्सच्या, म्हणजे त्या व्होल्टेजच्या झटक्याच्या, कडा झिजतात, शेपूट राहतं, आणि त्या शेपटातही इलेक्ट्रॉन अदलाबदल करतच असतात. मग आम्ही काय करतो, तर ती वायर पल्स कशी बिघडवणार हे आधी मोजतो आणि तेवढीच उलटी बिघडवून पाठवतो, म्हणजे खाली पोचेपर्यंत सरळ होते. उघडताना पण धाडकन नाही. एकदम उघडलं की इलेक्ट्रॉन उसळून नको त्या पातळीवर जातो.

आणि यात माझा सगळ्यात आवडता भाग. पूर्ण अदलाबदल काही कामाची नाही. पूर्ण वेळ दार उघडं ठेवलं तर याचा स्पिन त्याच्याकडे, त्याचा याच्याकडे, संपलं, हे तर नुसतं जागा बदलणं झालं. कामाची असते ती अर्धी. दार बरोबर अर्ध्या वेळाला बंद केलं तर दोघंही अशा अवस्थेत राहतात की कुणाकडे कुणाचं काय आहे हे एकेकट्याला विचारून कळतच नाही, दोघांचं मिळूनच काय ते खरं. याला रूट स्वॅप म्हणतात, कारण तेच दोनदा केलं की एक पूर्ण स्वॅप होतो. अशा दोन अर्ध्या अदलाबदली आणि मध्ये एकेका स्पिनला थोडं फिरवणं, एवढ्यावर सी-नॉट, म्हणजे एक क्यूबिट 1 असेल तरच दुसरा उलटवणारं गेट, होतं, आणि सी-नॉट आलं की पुढचं सगळं त्यातून रचता येतं, आमच्या सरांच्या नँडसारखंच. 2005 मध्ये हार्वर्डच्या लोकांनी गॅलियम आर्सेनाइडमध्ये रूट स्वॅप करून दाखवला, 180 पिकोसेकंदात, पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग. आम्ही सिलिकॉनमध्ये जरा निवांत असतो, पंचवीस-तीस नॅनोसेकंद, आणि नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. अण्णांच्या 14 फुटी गेटच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत जायला प्रकाशाला साधारण 14 नॅनोसेकंद लागतात, म्हणजे प्रकाशाची त्या गेटवरून एक जाऊन-येऊन फेरी होते तेवढ्यात माझं दार उघडून बंद पण झालेलं असतं.

आयुष्यभर अर्धवट काम करू नकोस असं ऐकलं, आणि पगार मिळतो तो बरोबर अर्धवट करण्याचा.

पण बरोबर अर्धं म्हणजे किती, इथे रात्री जातात. बांधाची उंची जरा बदलली की अदलाबदलीचा वेग पटीत बदलतो, सरळ रेषेत नाही. एखादा मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाला की अर्ध्याचं पाऊण. वर सिलिकॉन आणि ऑक्साइडच्या सीमेवर कुठेतरी एखादा आगाऊ इलेक्ट्रॉन अडकलेला असतो, तो या जागेवरून त्या जागेवर टुणकन उडी मारतो, त्याला काही कारण लागत नाही, आणि आपलं मोजमाप सरकतं. पूर्वी बांध तसाच ठेवून जमीनच एका बाजूला कलती करायचे, म्हणजे एक इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे ओघळायचा. ते सोपं पडायचं, पण कलत्या जमिनीवर जरा हादरा बसला तरी सगळं घरंगळतं. 2016 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की जमीन सपाट ठेवून फक्त मधला बांध हलवला तर तेच गेट कितीतरी स्वच्छ होतं. त्यामुळे अण्णांचा "रोडच्या बाजूला उतार आहे" हा मेसेज वाचून मी जी हसले ती घरात कुणाला कळलं नाही का हसतेय.

शेजाराचा त्रास पण शेतासारखाच. एका पट्टीचं व्होल्टेज हलवलं की शेजारच्या खड्ड्यालाही ते जाणवतं, तिथला इलेक्ट्रॉन अस्वस्थ होतो. मग एक हलवताना बाकीच्या पाच-सहा किंचित उलट हलवायच्या, म्हणजे शेजाऱ्याला वाटावं काही झालंच नाही. वरच्या वाफ्याचं दार मोडलं की पाटातलं पाणी उतरतं आणि खालचा भाऊबंद शिव्या देत बांधावर येतो, त्याला गप्प करायची सोय मामाकडे नव्हती, आमच्याकडे आहे.

बरं, जमीन तरी स्वच्छ हवी. साध्या सिलिकॉनमध्ये शंभरात 4.7 अणू सिलिकॉन-29 या जातीचे असतात, त्यांच्या गाभ्याचा स्वतःचा छोटासा चुंबक असतो आणि तो आपल्या इलेक्ट्रॉनच्या कानाशी सतत कुजबुजतो. म्हणून ते निवडून काढून जवळपास शुद्ध सिलिकॉन-28 वापरायचं. आणि वर थंडी, केल्विनच्या शंभराव्या भागाच्या आसपास. 2020 मध्ये दोन गटांनी 1 केल्विनच्या वर क्यूबिट चालवून दाखवले तेव्हा आमच्यात "गरम क्यूबिट" म्हणून कौतुक झालं. 1 केल्विन म्हणजे उणे 272 अंश, आणि त्याला गरम म्हणायचं! निफाडला पारा 3 वर आला की पेपरात पहिल्या पानावर फोटो येतो.

जानेवारी 2022 मध्ये नेदरलँड्सचं डेल्फ्ट, जपानचं रिकेन आणि सिडनी इथल्या तीन गटांनी एकाच वेळी सांगितलं की सिलिकॉनमध्ये दोन क्यूबिटच्या गेटची अचूकता 99 टक्क्यांच्या वर गेली. मी तेव्हा या कामात नवीनच रुळले होते, खूप आनंद झाला, बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "99 म्हणजे डिस्टिंक्शनच की." मी कागद घेतला. 99 टक्के अचूक गेट एकामागे एक शंभर वेळा लावलं तर शेवटी सगळं बरोबर असण्याची शक्यता 37 टक्के उरते. आणि कामाच्या गणितांना लाखो गेट लागतात. बाबा कागदाकडे बघून म्हणाले, "मग हे नापासच झालं." म्हणून तर चुका पकडून दुरुस्त करायची वेगळी विद्या लागते, तिचं दार उघडतं ते 99 च्या आसपासच, पण तिथे काठावर पास होऊन भागत नाही, 99.9 हवं, आणि ते शेवटचं 0.9 मिळवायला माझ्यासारखी किती माणसं किती ठिकाणी लॅपटॉप उघडून बसलेली असतील.

माझा भाग असा की मी पल्सचा आकार काढते, इकडे गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये, खाली रस्ता खोदलेला, जेसीबीचा आवाज, आणि फाईल पाठवते. तिकडे दुसऱ्या देशात कुणीतरी मुलगा रात्री ती चालवतो. सकाळी चहासोबत ग्राफ येतो. निळे ठिपके, त्यातून गेलेली लाट, लाट किती लवकर विरली यावर माझा दिवस कसा जाणार ते ठरतं. ती चिप मी पाहिलेली नाही. व्हिसा झाला, नाही झाला, मग प्रोजेक्टचे पैसे कमी झाले, असं ते राहूनच गेलं. कधीकधी वाटतं मी पत्ता माहीत नसलेल्या शेताला पाणी देतेय. आणि कधी, विशेषतः ग्राफ चांगला आला की, वाटतं बघायची गरज काय, मामा तरी अंधारात कुठे बघत होता.

मामाकडे दिवाळीत गेले होते. आता सगळीकडे ड्रिप. कांद्याला पण. फिल्टर, व्हॉल्व्ह, मोबाईलवरून मोटर चालू-बंद. फावडं गोठ्याच्या भिंतीला टेकलेलं होतं, पातं गंजलेलं. मी उत्साहाने म्हटलं, मामा, तुझं ते तीन हिस्स्याचं गणित मी कामात वापरते, आणि जमेल तसं सांगितलं, दोन खड्डे, मधला बांध, अर्ध्यात बंद. त्याने नीट ऐकलं. मग विचारलं, "आणि बघायला बॅटरी मारली तर?" मी म्हटलं, बॅटरी मारली की संपलं, बघितलं की बिघडतं. तो जरा वेळ गप्प होता, मग मामीला म्हणाला, "बघ, हिचं काम माझ्यापेक्षा अवघड." मला वाटलं होतं ड्रिप आल्याचं त्याला वाईट वाटत असेल, जुनी विद्या गेली वगैरे, मी तसं काही हळवं बोलायच्या तयारीत पण होते. तो म्हणाला, "छे गं. रात्री झोप मिळते. कंबर राहिली जागेवर." माझं हळवेपण माझ्याकडेच राहिलं.

तर अण्णा. पंधरा दिवस टाळलं, मग त्यांचा फोनच आला, "रविवारी अंबडला येतेस का, फॅब्रिकेटरकडे, तू बोललीस की तो ऐकेल." आता काय सांगणार. गेले. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून. शेडमध्ये वेल्डिंगचा तो जळका, गोडसर वास, आयसी जळाल्याच्या वासाचा लांबचा नातेवाईक. गेट तयार होतं, रेड ऑक्साइड मारलेलं, तात्पुरत्या रुळावर उभं. मी पहिल्यांदा हात लावला, लोखंड गार होतं आणि हाताला लाल लागलं. फॅब्रिकेटरने ढकललं, गेट घरघरत गेलं, टोकाच्या स्टॉपरवर आपटलं आणि चार बोटं मागे आलं. परत ढकललं, परत चार बोटं मागे. अण्णा माझ्याकडे बघायला लागले. "हेच ते. याच्यावरच गाडी अडलीये. म्हणतो, असंच राहणार."

मी म्हटलं, "शेवटी त्याचा वेग कमी करता आला तर? आपटायच्या आधीच?"

फॅब्रिकेटरने कपाळावरचा चष्मा वर सरकवला. रबर स्टॉपर लावू म्हणाला, आणि शेवटच्या फूटभरात रूळ थोडा चढता घेऊ, म्हणजे आपोआप मंदावेल, उताराचा पण त्रास जाईल. मग जरा रागानेच, "हे आधी सांगायचं ना मॅडम, नुसतं मागे येतं मागे येतं करत होते हे." अण्णा खूश. येताना वाटेत मिसळ खाऊ घातली, काळ्या मसाल्याची, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तिखट, आणि मी तर्रीचा भुरका मारता मारता सांगायला सुरुवात केली, "अण्णा, ते माझं काम ना, म्हणजे गेट, पण..." तेवढ्यात पाव आले.

परवा मेसेज आला. गेटचा व्हिडिओ, 11 सेकंदांचा, गेट सरकत जातं आणि शेवटी अलगद थांबतं, मागे येत नाही. मी तो चार-पाच वेळा पाहिला. खाली अण्णांनी लिहिलं होतं, "बेस्ट. घरचं असलं तरी तुझा हिशोब सांग."